सहा आकडी पिन कोड

आई-बाबा परवा सांगलीला सुखरूप पोहोचले. साडेपाच महिने आमच्याकडे, कॅलिफोर्नियातल्या अर्व्हाइनला होते. घर एकदम सुनं झालंय. ते इथे असताना एक गोष्ट मनाला लागली होती, तेव्हा बोलले नाही. आज लिहिते. मोठं होईल, पण वाचा.

एप्रिलमधला मंगळवार होता. लेकीची शाळा एक दिवस बुडवली, नवऱ्याने रजा टाकली आणि आम्ही पाचही जण इथल्या एका थीम पार्कला गेलो. (डिस्नीलँड नव्हे. नाव मुद्दाम घेत नाही, कारण थोड्याफार फरकाने हा नियम बऱ्याच ठिकाणी आहे.) सदर्न कॅलिफोर्नियाच्या रहिवाशांना तिकिटात सवलत होती. आम्ही दोघांनी लायसन्स पुढे केली. खिडकीतली मुलगी म्हणाली, "आणि यांचं?"

बाबांनी सदऱ्याच्या आतल्या खिशातून प्लास्टिकची पिशवी काढली. पासपोर्ट. आय-९४ चा, म्हणजे अमेरिकेत आल्याच्या सरकारी नोंदीचा प्रिंट, चार घड्या घातलेला. आणि शेवटी, लॅमिनेट केलेलं आधार कार्ड. फोटो आहे, पत्ता आहे, सरकारी आहे, अजून काय पाहिजे, असा त्यांचा सरळ हिशेब. तिने कार्ड उलटंपालटं करून पाहिलं. ती झिप कोड शोधतेय हे माझ्या लक्षात आलं. बाबांनाही कळलं असावं, कारण त्यांनी काचेवर बोट टेकवून मागच्या बाजूचा पिन कोड दाखवला, ४१६४१६. तिने आकडे मोजले. सहा. इथे पाच असतात. पोरगी भली होती, "सॉरी सर" म्हणत तिने कार्ड दोन्ही हातांनी परत दिलं.

दोघांना पूर्ण दर पडणार होता. बाबांनी पाटीवरचा आकडा वाचला आणि मनात रुपयांत गुणाकार केला. तो चेहरा मी ओळखते. माझी इंजिनीअरिंगची फी भरताना असाच व्हायचा. मग म्हणाले, "तुम्ही तिघं जाऊन या. आम्ही दोघं इथंच झाडाखाली बसतो. धपाटी आहेतच."

अर्थात तिकिटं काढली. आम्ही दोघेही नोकरी करतो, तेवढे पैसे जड नव्हते. पण त्या दिवसाचा रंग उतरला तो उतरलाच. बाबा प्रत्येक राइडच्या रांगेत विचारत होते, "हे तिकिटातच आहे ना गं?" आईने पाण्याची एक बाटली घेऊ दिली नाही. माझी लेक राइडमध्ये बसली की बाजूला उभं राहून हात हलवायला आलेली ही दोन माणसं दिवसभर आपण खर्चात पडलो या ओझ्याखाली वावरत होती.

माझं म्हणणं एवढंच आहे. रहिवाशाच्या घरी राहायला आलेल्या त्याच्या आई-वडिलांना, सासू-सासऱ्यांना रहिवाशाच्याच दरात आत घ्यावं. रहिवासी सोबत असेल तेव्हाच, आणि एका वेळी दोघांनाच.

सवलत हा काही कुणाचा हक्क नाही, खासगी कंपनी आहे, हे मला मान्य आहे. पण ती देतात कशासाठी? लांबून विमानाने येणारा माणूस तसाही येणारच, त्याची सहल महिनोन् महिने आधी ठरलेली असते. जवळ राहणारा मात्र आज-उद्या करत बसतो. म्हणून ओस पडणारे दिवस भरायला, आठवड्याच्या मधल्या वारी आणि गर्दी ओसरल्यावर, त्याला स्वस्त तिकीट देतात. आता इथल्या कुठल्याही देशी घराला विचारा, तुम्ही पार्कात कधी जाता? भारतातून कुणी आलं की. आई-बाबा आले नसते तर आम्ही त्या मंगळवारी पाय ठेवला नसता. आम्हा तिघांची तिकिटं त्या दोघांमुळे खपली.

आणि रेघ कुठे ओढायची हे कंपनीच्याच हातात असतं. डिस्नीलँडचंच बघा. १९५५ पासून अ‍ॅनाहाइमला आहे, आमच्या घरापासून फार लांब नाही. तिथे रहिवासी सवलत निघते तेव्हा ९०००० ते ९३५९९ झिप कोडवाल्यांना मिळते, आणि त्यासोबत उत्तर बाहा कॅलिफोर्नियाच्या, म्हणजे चक्क मेक्सिकोतल्या, २१००० ते २२९९९ कोडवाल्यांनाही. सीमेपलीकडच्या तिहुआनाच्या कुटुंबाला सवलत मिळते याचा मला आनंदच आहे. माझा मुद्दा असा, की पुन्हा पुन्हा येणाऱ्या माणसासाठी देशाची सीमासुद्धा ओलांडता येते. मग एकाच छताखाली झोपणाऱ्या माणसासाठी उंबरठा का ओलांडता येऊ नये? बाबा साडेपाच महिने दर मंगळवारी आमचे कचऱ्याचे डबे रस्त्यावर नेऊन ठेवत होते. शेजारच्या कोरियन आजोबांशी त्यांची खुणांनी मैत्री झाली होती. झिप कोड त्यांचाही तोच होता.

इथल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर यावर 'युक्त्या' फिरतात. आई-बाबांच्या नावाने जॉइंट खातं उघडा, बँकेचं पत्र घरी मागवा, ते दाखवा. कुणी तपासत नाही म्हणे. नसेलही तपासत. पण कृपा करून असं करू नका. त्यांचा व्हिसाच मुळी 'आमचं घर भारतात आहे, आम्ही परत जाणार' या शब्दावर मिळालेला असतो. चाळीस-पन्नास डॉलरसाठी त्यांना खिडकीवर उभं करून उलटं वदवायचं? आणि माझ्या बाबांना ते जमलंही नसतं. आयुष्यभर एसटीत नातवंडांचं वय खरं सांगून पूर्ण तिकीट काढणारा माणूस आहे तो.

गैरफायदा घेतील, हा आक्षेप खरा आहे. कुणीही कुणालाही काका म्हणेल. पण सोबत रहिवासी हवा, दोघांची मर्यादा, त्याच दिवशी, एकत्र प्रवेश, एवढ्यावर तो बराचसा मिटतो. हे काही मी नवीन शोधलेलं नाही. २०२३ च्या उन्हाळ्यात आई-बाबांना ग्रँड कॅन्यन दाखवलं तेव्हा राष्ट्रीय उद्यानांचा ८० डॉलरचा वार्षिक पास माझ्या नावावर होता आणि गाडीतले सगळे त्यावर आत गेले. रेंजरने पास पाहिला, माझं ओळखपत्र पाहिलं, बाबांकडे बघून हसला आणि नकाशा हातात दिला. आता १ जानेवारी २०२६ पासून तिथेही अमेरिकेबाहेर राहणाऱ्यांसाठी २५० डॉलरचा वेगळा वार्षिक पास आलाय. सगळीकडेच ही रेघ ठळक होत चाललीय, म्हणून आत्ताच बोलायला हवं असं वाटतं.

आपल्याकडचं सांगते. डिसेंबर २०२२ मध्ये वेरूळला गेलो होतो. भारतीयांना ४० रुपये, परदेशी माणसाला ६००. माझा पासपोर्ट आता अमेरिकन. पण ओसीआय कार्डवाल्यांना, म्हणजे परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना, स्मारकांच्या प्रवेशशुल्कात भारतीयांच्याच बरोबरीने धरतात. नेपाळ-श्रीलंकेच्या लोकांनाही तिथे आपलाच दर आहे. मी कार्ड शोधत होते तोवर बाबाच खिडकीत वाकून म्हणाले, "मुलगी आहे हो माझी, अमेरिकेत असते." कार्ड दाखवलं, ४० रुपयांचं तिकीट हातात आलं. कैलास लेण्यासमोर उभी राहिले तेव्हा ते तिकीट मी मुठीत घट्ट धरून ठेवलं होतं. वेरूळ सरकारचं, पार्क कंपनीचं, हा फरक मला कळतो. पण एप्रिलमधल्या त्या खिडकीवर मीही वाकून म्हणाले होते, "माझे वडील आहेत हे."

त्या पार्कच्या ग्राहक विभागाला मी सविस्तर ई-मेल पाठवलाय, दोन पाहुण्यांच्या सूचनेसकट. तुमच्याकडे वार्षिक पास असेल, किंवा आई-बाबा दरवर्षी येत असतील, तर तुम्हीही आपापल्या पार्कला लिहा. माझा मजकूर हवा असेल तर सांगा, पाठवते. त्यात फक्त नावं आणि तारखा बदलायच्या आहेत. पुढच्या वर्षी दिवाळीनंतर आई-बाबा पुन्हा येणार आहेत.