ॲपने दिलेला चेहरा आजीचा नाही

"जुना, फाटका फोटो ॲपमध्ये टाका. मिनिटभरात मूळ चेहरा जसाच्या तसा परत, रंगही खरे. आता जुने फोटो सांभाळायची गरज नाही." हा मेसेज सध्या गावोगावच्या ग्रुपवर फिरतो आहे. यवतमाळ जिल्ह्यात तालुक्याच्या ठिकाणी मी फोटो दुरुस्त करून देतो. हा मेसेज वाचून कोणी घरातला एकुलता एक फोटो फेकून देऊ नये, म्हणून लिहितो आहे.

"मूळ चेहरा परत येतो." नाही येत. फोटोतून जे गेलं ते ॲप शोधून काढत नाही, अंदाजाने नवीन रचतं. २०२० साली अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात तयार झालेल्या, धूसर फोटोवरून स्पष्ट चेहरा काढणाऱ्या 'पल्स' या संगणक प्रणालीला बराक ओबामांचा धूसर फोटो दिला, तर तिने गोरा माणूस काढून दिला. १६ बाय १६, म्हणजे २५६ ठिपक्यांवरून ती दहा लाखांवर ठिपके बनवायची. बाकीचे ठिपके तिने आधी पाहिलेल्या चेहऱ्यांच्या वळणावर बेतलेले असत. 'जीएफपीगॅन' हे चेहरे दुरुस्त करणारं, आजही वापरात असलेलं साधन फ्लिकर या फोटोंच्या वेबसाइटवरून घेतलेल्या ७०,००० चेहऱ्यांवर शिकलेलं आहे. कपाळावर, हनुवटीवर गोंदण असलेली आपली आजी त्याच्या ओळखीची नसते. गोंदण त्याला डाग वाटू शकतो, आणि डाग तर ते पुसतंच. देवी रोगाच्या व्रणांचंही तेच. भारत १९७७ साली देवीमुक्त जाहीर झाला. त्याआधीच्या पिढ्यांत कितीतरी जणांच्या चेहऱ्यावर ते व्रण होते. ते गुळगुळीत केले की फोटो सुंदर दिसतो, पण आबाजी दिसत नाहीत. घडी, चिरा, भिंतीवरचे डाग ॲपने खुशाल काढावेत. चेहरा मात्र जेवढा उरला आहे तेवढाच ठेवावा.

"रंग खरे येतात." काळ्या-पांढऱ्या फोटोत रंगाची नोंदच नसते. त्यात जुन्या ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मला लाल रंग जवळजवळ दिसत नसे, त्यामुळे लाल लुगडं आणि कुंकू काळं उमटायचं. ॲपला ते कुठून कळणार? लुगडं कोणत्या रंगाचं होतं, हे घरातल्या म्हाताऱ्या आत्याला विचारा. लालसर झालेल्या जुन्या रंगीत फोटोंची गोष्ट वेगळी. त्यांतला निळसर रंग उडालेला असतो, पण थोडा शिल्लक असेल तर तो वर काढता येतो. तिथे संगणक खरंच कामाचा आहे.

जुन्या फोटोचा मोबाइलने काढलेला फोटो पुरतो, हेही मेसेजखाली कोणीतरी जोडलेलं असतं. तो पुरत नाही. ६०० डीपीआयवर, म्हणजे दर इंचाला ६०० ठिपके घेऊन, स्कॅन करून घ्या, आणि व्हॉट्सॲपवर पाठवायचा तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर बारकावे जातात.

"मूळ फोटो नको." स्कॅन बिघडला तर परत कशावरून करणार? पाठीमागे स्टुडिओचा शिक्का असतो, कोणाच्या तरी हातचं नाव-साल असतं. तेही स्कॅन करा. कवेलूच्या घरात पावसाळ्यात ओल येते, वरचा थर फुगतो आणि फोटो काचेला चिकटतो. तो ओढून काढू नका, काचेसकट आणा. काचेवरूनच स्कॅन होतो. आणि टिकावा म्हणून लॅमिनेशन तर अजिबात करू नका. गरम प्लास्टिक एकदा बसलं की फोटो धड निघत नाही, मग मलाही काही करता येत नाही.