मुलांना झोपवायचंय? आधी फोटो काढा

घरात दोन लहान मुलं, दोघांना मिळून एकच खोली, आणि ती खोली म्हणजे दोन पलंग टाकले की दार उघडत नाही एवढी? अभिनंदन! आता तुम्हाला सल्ला द्यायला कोणालाही कसलीही पात्रता लागत नाही. मग मी तरी का मागे राहू, माझ्याकडे तर ताजा अनुभव आहे, इतका ताजा की धाकट्याच्या ओठावरची खपली अजून पडलेली नाहीये.

सुरुवात फोटोंपासून करा. मोबाइलवर मुलांच्या खोल्यांचे फोटो बघत बसा. चादरीला एक सुरकुती नाही, भिंतीवर ढग, छतावर चांदण्या, जमिनीवर एकही खेळणं नाही, आणि सगळ्यात भारी म्हणजे अख्ख्या खोलीत मूलच नाही. बस, तश्शीच खोली करायची.

मुलांना चुकूनही विचारू नका. झोपायचं त्यांना असलं तरी शेअर आपल्याला करायचंय.

दोघांची झोपायची वेळ एकच ठेवा. चार वर्षांच्या मुलाला दुपारची धरून १० ते १३ तास झोप लागते आणि सात वर्षांच्या मुलीला ९ ते १२, हे असलं डॉक्टर लोक सांगत असतात, पण आपल्याला लाइट एकदाच बंद करायचा असतो ना. मग काय होतं, धाकटा पेंगलेला असतो, थोरली टक्क जागी, ती त्याला भुताची गोष्ट सांगते, तो भोकाड पसरतो, त्याला शांत करेपर्यंत तिचा डोळा लागतो, आणि आता याची झोप पार उडालेली असल्यामुळे हा तिचे केस ओढून विचारतो, ताई, मग भूत कुठे गेलं? धाकट्याला अर्धा तास आधी झोपवून तेवढा वेळ थोरलीला बाहेर पुस्तक घेऊन बसवलं तर हे सगळं टळतं. पण मग रोज रात्रीची करमणूक जाते.

नाइट लॅम्प पांढरा आणि लख्ख घ्या. मूल झोपलंय का ते त्याला उठवून बघता आलं पाहिजे.

पाहुणे आले की पहिली खोली मुलांची रिकामी करा. मुलं काय, कुठेही झोपतात.

तान्हं बाळ असेल तर तेही त्याच पलंगावर थोरल्या भावंडाच्या कुशीत टाका, मधे उशांची भिंत रचा, किती गोड फोटो येतो... नको, इथे मला गंमत जमत नाहीये. वर्षाच्या आतलं बाळ वेगळ्या, सपाट, घट्ट गादीवर, पाठीवर, उशी-पांघरूण-टेडी काहीही आजूबाजूला न ठेवता. झोपेत थोरल्याचा हात बाळाच्या तोंडावर पडला तर त्याला कळणार पण नाही. बास. पुढे.

आता मुख्य सल्ला. बंक बेड घ्या, म्हणजे एकावर एक दोन पलंग, वर चढायला शिडी! जागा वाचते, मुलांना मज्जा येते, आणि मुख्य म्हणजे ज्यांना ज्यांना विचाराल ते सगळे हेच सांगतात, आम्हालाही सगळ्यांनी हेच सांगितलं. घेताना खोलीची लांबी-रुंदी मोजा, उंची अजिबात मोजू नका आणि पंखा कुठे आहे ते तर बघूच नका, बेड जोडून झाला की मूल वरती बसून हात वर करेल तेव्हा आपोआप कळतं. दुकानदाराला विचारा, चार वर्षांचा मुलगा वर झोपला तर चालेल ना? तो हसून म्हणेल, मॅडम, मुलं माकडं असतात, माकड कधी पडतं का. यावर आपणही हसायचं. वरच्या बंकवर ६ वर्षांखालचं मूल झोपवू नये असा इशारा अमेरिकेत बेडवरच लावावा लागतो, कायदाच आहे तसा. आमच्या बेडवर पण होता. भिंतीकडच्या बाजूला, फळीच्या आतून, परवा बेड ओढला तेव्हा सापडला.

मग गादी. गादी मस्त जाड घ्या, ८ इंची, पाय रुततील अशी. कठडा गादीच्या वर निदान ५ इंच उरला पाहिजे, पण मऊ गादी टाकली की आमचा कठडा उरला दोन बोटं. दोन बोटं! तो कठडा नव्हता हो, ती नुसती पट्टी होती, आणि मी रोज तिच्यावर चादर नीट खोचत होते. कठड्यातल्या फटी साडेतीन इंचांपेक्षा मोठ्या नकोत, नाहीतर लहान मूल फटीतून सरकून मधेच अडकू शकतं, हेही मला आता माहितीये. आता मला सगळंच माहितीये.

कोण वर झोपणार यावरून पहिल्याच रात्री भांडण झालं. धाकट्याने आभाळ डोक्यावर घेतलं, मी वर, मी वर, आणि आपण दमलेलो असतो, दिवसभराचं काम, उद्याचा डबा, म्हणून म्हटलं जा बाबा जा. वर धाकटा, खाली थोरली. सांगू का पुढे काय झालं? पोरगा झोपेत शू करतो अजून अधूनमधून. गादी भिजली, फळ्यांमधून खाली आलं, आणि खालून थोरली ओरडतेय आई पाऊस आला. रात्री दीड वाजता वरच्या बंकची चादर बदलून बघा एकदा, शिडीच्या दांड्यावर एक पाय, एक गुडघा गादीत, डोकं छताला आपटतंय, गादीचा लांबचा कोपरा काही केल्या हाताला येत नाही, खाली नवरा टॉर्च धरून उभा, आणि वर म्हणतो हळू. त्या फोटोंमध्ये चादर बदलणारी बाई कुठेच नसते.

आणि मग गेल्या मंगळवारची रात्र. अडीच वाजता धप्प. धाकटा अर्धवट झोपेत उतरत होता, पांघरूण अंगाला गुंडाळलेलंच, त्याचं टोक पायात आलं, दुसरा दांडा चुकला. दात ओठात घुसले. रक्त बघून माझ्या पोटात गोळा आला, नवरा कापूस शोधतोय, आणि थोरली बिचारी खालच्या बंकवर गुडघे पोटाशी घेऊन एकच वाक्य म्हणतेय, मी नाही ढकललं, मी नाही ढकललं. कोणी विचारलंही नव्हतं तिला.

सकाळपासून फोन सुरू. ज्यांनी ज्यांनी बंक बेड घ्या म्हटलं होतं ते सगळे. लक्ष नको का द्यायला? शिडीपाशी गादी घालायची ना. आणि ते नेहमीचं, आम्ही नाही का सात-आठ भावंडं एकाच खोलीत झोपायचो, आम्हाला काही झालं नाही.

अहो आत्या, तुम्ही जमिनीवर झोपायचात! ओळीने, जमिनीवर! जमिनीवरून कोण पडणार आणि कुठे पडणार? एवढी साधी गोष्ट, तुम्हाला माहिती होती, आयुष्य काढलंत तसं, आणि मला मात्र सांगितलंत बंक बेड घे, छान दिसेल. छान दिसेल! रात्री अडीचला कोण बघणारे छान दिसतंय का? तुमच्यापैकी एक जण तरी उठणार आहे का तेव्हा? आणि तो दुकानदार, वय विचारलं नाहीस, पंखा बघितला नाहीस, जाड गादी वर तूच गळ्यात मारलीस. आणि मी. मीपण. मला त्या चांदण्या हव्या होत्या, खोटं का बोलू. थोरलीला वर झोपवायचं आणि पातळ गादी टाकायची एवढं जरी केलं असतं तरी भागलं असतं, पण कठड्याची उंची कोण मोजतंय, फोटो काढून झाला होता ना माझा.

आता दोघं जमिनीवर झोपतात. दोन पातळ गाद्या, सकाळी गुंडाळून कोपऱ्यात, दिवसभर खोलीत उड्या मारायला जागा. फोटोत अगदी भिकार दिसतं. धाकटा रात्री गडगडत थेट दारापर्यंत जातो आणि तिथेच घोरत पडतो.

बेड विकायला काढलाय. घरात लहान मूल ६ वर्षांच्या पुढचं असेल तरच विचारा. आणि आधी पंखा कुठे आहे ते बघून या.