पाडवा, विषुवदिन आणि चार अंगुळांची सावली

पाडवा जवळ आला की एक संदेश घरोघरच्या मोबाइलवर येतो: 'गुढीपाडवा म्हणजे विषुवदिन. त्या दिवशी दिवस-रात्र बरोबर बारा-बारा तासांची असते, भरदुपारी सावली नाहीशी होते. हे जाणूनच पूर्वजांनी तो वर्षारंभ ठरवला.' पाठवणाऱ्यांना पूर्वजांबद्दल खरंच अभिमान असतो. तो मलाही आहे, म्हणूनच हे लिहितोय.

पाडवा विषुवदिनी असतो, हे चूक. विषुवदिन, म्हणजे सूर्य बरोबर विषुववृत्तावर असतो तो दिवस, वसंतात २० किंवा २१ मार्चला येतो. पाडवा २०२४ मध्ये ९ एप्रिलला होता, २०२५ मध्ये ३० मार्चला. तो चैत्र शुद्ध प्रतिपदेचा, म्हणजे चंद्राच्या तिथीवर चालणारा सण. चांद्रवर्ष सौरवर्षापेक्षा सुमारे अकरा दिवसांनी लहान, म्हणून तो मागे सरकतो आणि अधिक महिना आला की पुन्हा पुढे जातो. विषुवदिनाशी खरोखर बांधलेलं वर्ष हवं असेल तर ते आहे: १९५७ पासूनची भारतीय राष्ट्रीय दिनदर्शिका. तिचा १ चैत्र २२ मार्चला असतो, लीप वर्षी २१ ला.

बारा-बारा तासांचं म्हणाल, तर विषुवदिनी मुंबईत दिवस सुमारे सात मिनिटांनी मोठा असतो. वातावरण सूर्यकिरण वाकवतं, शिवाय सूर्याची वरची कड दिसली की आपण उगवला म्हणतो.

पण मला खरी खटकते ती सावलीची गोष्ट. विषुवदिनी मध्यान्हाची सावली नाहीशी होते ती फक्त विषुववृत्तावर. आपल्याकडे ती पडते, आणि आपल्या गणितींनी नेमकी तीच मोजली! बारा अंगुळांचा शंकू, म्हणजे एक सरळ काठी, सपाट जागी उभा करायचा, विषुवदिनी मध्यान्ही त्याची सावली मोजायची. ही त्या गावाची पलभा. जितकं गाव उत्तरेला, तितकी पलभा मोठी; एका काठीवरून अक्षांश हाती येत असे. कोकणातल्या नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी शके १४४२ (इ.स. १५२०) च्या 'ग्रहलाघव' या ज्योतिषगणिताच्या ग्रंथात पलभेला १०, ८ आणि १० ने गुणून, शेवटच्या गुणाकाराला ३ ने भागून चरखंडं, म्हणजे दिवस किती लहान-मोठा होतो ते सांगणारे आकडे, काढायला सांगितली आहेत. त्यांवरून त्या गावचं दिनमान, म्हणजे दिवसाची लांबी, काढता येतं. सावली नाहीशी झाली असती, तर यातलं काहीच उरलं नसतं.

'पूर्वजांनी जाणूनच' हेही उलट आहे. संपातबिंदू, म्हणजे विषुवदिनी सूर्य आकाशात जिथे असतो ती जागा, ताऱ्यांमधून हळूहळू सरकतो हे त्यांना ठाऊक होतं. त्याच ग्रंथात शकातून ४४४ वजा करून ६० ने भागायचं, म्हणजे अयनांश, तो बिंदू किती अंश सरकला ते, मिळतात, असा नियम आहे. त्या नियमाने शके १४४२ ला ते साडेसोळाच्या वर येतात. आजच्या गणनेने साधारण सतराशे वर्षांपूर्वी विषुवदिनाजवळ होती ती मेषसंक्रांत, म्हणजे सूर्य मेष राशीत जातो तो दिवस, पाडवा नव्हे. आज तीही १४ एप्रिलवर आली आहे.

पुण्याची पलभा जवळजवळ चार अंगुळं. येत्या मार्चमधल्या विषुवदिनी तीस सेंटिमीटरची काठी गच्चीवर सरळ उभी करा. पुण्यात पावणेएकच्या थोडं आधी तिची सावली सर्वांत आखूड होईल, दहा सेंटिमीटर. मुलांना मोजू द्या.