कारभाऱ्याने गादी कशी घ्यावी

आपल्याकडे कधी एखाद्या बालराजाचे पालकत्व आले आणि गादीचा मोह आवरेनासा झाला, तर घाई न करता चीनच्या हान दरबारातील वांग मांग यांचा कित्ता गिरवावा. तो पुरेसा वळणदार आहे.

वारस आपणच निवडावा. इ. स. ६ मध्ये पिंग हा १४ वर्षांचा सम्राट वारला, तेव्हा घराण्यात पन्नासावर राजे-सरदार हयात होते. परंतु मृताच्याच पिढीतला वारस चालत नाही, हे वांग मांग यांना ऐन वेळी आठवले आणि पुढच्या पिढीतला सर्वांत धाकटा, जेमतेम वर्षाचा लिऊ यिंग शकुन पाहून पसंत झाला. तान्ह्या बाळांचे शकुन सहसा चांगलेच निघतात. त्यानंतर आपण हंगामी सम्राट व्हावे.

कायम होण्यासाठी दैवी संकेत लागतो. त्यासाठी आय झांग यांच्यासारखा होतकरू विद्यार्थी हाताशी असावा. त्याने धातूच्या पेटीतून स्वर्गाचा आदेश आणला, त्यात नव्या राजवटीच्या ११ मंत्र्यांची यादी होती आणि यादीत त्याचे स्वतःचेही नाव होते. शुभ वाटावीत म्हणून त्याने वांग शिंग व वांग शेंग अशी दोन नावे मनानेच घातली होती. स्वर्गाचा शब्द खाली पडू नये म्हणून त्या नावांची माणसे शोधण्यात आली, आणि चेहरेपट्टी पाहून वेशीवरचा एक कारकून व एक रोटीविक्या थेट सेनापतिपदावर चढवण्यात आले.

राजमुद्रा मागितल्यावर वांग मांग यांच्या आत्याबाईंनी, म्हणजे राजमातेने, ती जमिनीवर आपटली. अशा वेळी मुद्रा उचलावी, वाद घालू नये. इ. स. ९ मध्ये गादीवर बसताना लिऊ यिंगचा हात धरून वांग मांग रडले आणि आपली इच्छा नव्हती, स्वर्गानेच भाग पाडले, असे म्हणाले. रडणे विसरू नये. नव्या राजवटीचे नाव त्यांनी शिन, म्हणजे 'नवी', असे ठेवले. ती २३ साली बुडाली आणि ते राजवाड्यातच मारले गेले, पण तो भाग या लेखाच्या कक्षेबाहेरचा आहे.

राहिला मुलगा. त्याला बंद वाड्यात ठेवावे आणि दाईलाही त्याच्याशी बोलू देऊ नये. लिऊ यिंग मोठा झाला तेव्हा गाय, घोडा, कोंबडी यांची नावेही त्याला सांगता येत नव्हती. वांग मांग यांनी त्याला आपली नात दिली. स्थळाची चौकशी करावी लागली नाही.