‘पीएच पेन डुप्लिकेट, मासे मेले’ या रिव्ह्यूला दुकानाचं उत्तर

नमस्कार सर,

एंजल मासे दगावले हे वाचून वाईट वाटलं. तुमच्या तक्रारी अशा: आरओच्या पाण्यात पेनने पीएच (पाणी किती आम्ल ते सांगणारा आकडा, कमी म्हणजे जास्त आम्ल) ७ ऐवजी ६.१ दाखवला म्हणून ते डुप्लिकेट. टोपणात पांढरे खडे होते म्हणजे वापरलेलं पेन विकलं. आणि त्याच्या आकड्यावर विसंबून टँकमध्ये पीएच डाऊन (पीएच उतरवायचं आम्ल) घातलं नि मासे गेले. पेनवरचा आरोप मला मान्य नाही. का नाही ते इथेच लिहितो, कारण या घोटाळ्यात बरेच जण अडकतात.

खडे आधी निकालात काढू. ते पोटॅशियम क्लोराइड, एक क्षार. पेनच्या टोकाचा काचेचा बल्ब कोरडा पडला की आकडे भरकटतात, म्हणून टोपणात या क्षाराचं द्रावण असतं. पाणी उडतं, खडे राहतात. टोपण ठणठणीत कोरडं निघालं असतं तर मीच ते पेन विकलं नसतं. (तुम्ही ते धुऊन, पुसून ड्रॉवरमध्ये ठेवलंत, ते आता नका करू.)

आता आरओ. शुद्ध पाण्याचा पीएच ७ हे शाळेत शिकवतात ते खरं, पण हवा लागली की पाणी कार्बन डायऑक्साइड ओढून घेतं. उघड्यावरचं डिस्टिल्ड वॉटरसुद्धा ५.६ च्या आसपास उतरतं. आरओमध्ये क्षार इतके कमी की ही घसरण अडवणारं फारसं काही नसतं, शिवाय पेनचा आकडाही लवकर स्थिरावत नाही. म्हणजे तुमचं ६.१ बहुधा बरोबरच होतं. पुढे पेनचा आकडा जुळवायच्या स्क्रूबद्दल तुम्ही लिहिलंय, ‘स्क्रू फिरवून ७ वर आणलं.’ सर, ०.९ ची चूक तिथे शिरली. नंतर टँकमध्ये दिसलेलं ८.३ प्रत्यक्षात ७.४ च्या आसपास असणार, आणि त्यात एंजल आरामात राहतात. तराजू तपासायला शिक्क्याचं वजन लागतं, हाताशी असलेला बटाटा चालत नाही.

तुमचं पाणी बोअरचं. त्यात बायकार्बोनेट भरपूर असतं. आम्ल घातलं की पीएच खाली येतो, तयार झालेला कार्बन डायऑक्साइड उडून गेला की परत चढतो. ‘रात्री घातलं, सकाळी पुन्हा वर, म्हणून परत घातलं’ असं तुम्हीच सांगताय. थोडा जास्त पण स्थिर पीएच मासे सोसतात, हे हेलकावे सोसत नाहीत.

पेनच्या डब्यात ६.८६ आणि ४.०० अशा ठरलेल्या पीएचचं द्रावण बनवायच्या पावडरची दोन पाकिटं आहेत, तुमच्या फोटोत ती न फोडलेली दिसतात. प्रत्येक पाकीट २५० मिली डिस्टिल्ड वॉटरमध्ये विरघळवायचं. इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतो ते पाणी चालतं. पेन कोरडं पडलंय, म्हणून आधी तासभर ४.०० च्या थोड्या द्रावणात बुडवून ठेवा आणि ते नंतर फेकून द्या. मग डिस्टिल्डने धुऊन, टिश्यूने फक्त टिपून (बल्ब घासायचा नाही) ६.८६ मध्ये धरा, आकडा थांबू द्या, आणि स्क्रू तिथेच फिरवा. ४.०० चं दुसरं काम पडताळणीचं. तिथे ३.८ ते ४.२ दिसलं तर बल्ब ठीक. वापरलेलं द्रावण बाटलीत परत ओतू नका.

हे घरी नको असेल तर पेन घेऊन दुकानात या, टँकचं पाणीही बाटलीत काठोकाठ भरून आणा. अर्धी बाटली वाटेत हिंदकळली की पीएच बदलतो. तुमच्यासमोर दोन्ही द्रावणांत तपासतो. पेन चुकलं तर नवीन पेन किंवा पूर्ण पैसे, तुम्ही म्हणाल ते. माशांची भरपाई मात्र देता येणार नाही. तोवर टँकमध्ये पीएच डाऊन घालू नका, आणि पाणी बदलायचं झालं तर बोअरचं पाणी रात्रभर एअर पंप लावून ठेवा, मग थोडं थोडं घाला.