प्रेषितांच्या खुर्चीत तिसरा मजला

आमच्या आजोबांच्या वेताच्या खुर्चीची बैठक अजून वाळलेली नाही. खाली टेबलफॅन लावून ठेवलाय. बायको म्हणते, आता सोडा तो विषय. मी सोडणार नाही.

नातू झाला. आम्ही बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले ज्यू, तेव्हा मुलगा झाला की आठव्या दिवशी मिला, म्हणजे सुंता. बाळाला कावीळबिवीळ असेल तर पुढे ढकलतात, पण पाऊस हे कारण धर्मात बसत नाही. शब्बाथ, म्हणजे शनिवारचा विश्रांतीचा दिवस असो, नाहीतर किप्पूरचा कडक उपास, आठवा म्हणजे आठवा. ज्या देशात हा नियम झाला तिथे उन्हाळाभर थेंब पडत नाही. पाळायचा मात्र आम्ही, जुलैत, ठाण्यात.

बरं, आठवा दिवस कुठला? आमचा दिवस सूर्यास्ताला बदलतो आणि पोरगं नेमकं मंगळवारी तिन्हीसांजेला झालं. प्रसूतिगृहाच्या भिंतीवरचं घड्याळ पुढे, नर्सच्या मनगटावरचं मागे, आणि सूर्य म्हणाल तर तो त्या आठवड्यात कुणी पाहिलाच नव्हता. सुंता करणाऱ्या मोहेलसाहेबांना मुंबईला फोन लावला. त्यांनी शांतपणे विचारलं, "आकाशात तीन तारे दिसत होते का?"

"साहेब, समोरची बिल्डिंग दिसत नव्हती."

सूर्य बुडाला पण तारे उगवायचेत, अशा संशयाच्या वेळी जन्म झाला तर पुढचा दिवस धरतात. उशीर चालेल, आठव्याच्या आत नको. म्हणजे पुढचा बुधवार. हवामान खात्याने मंगळवारला पिवळा इशारा दिला होता आणि बुधवारला नारिंगी. मंगळवारी दुपारी ऊन पडलं. बायकोने गच्चीत गोधड्या वाळत घातल्या. मी त्या गोधड्यांकडे बघत बसलो आणि मनातल्या मनात प्रसूतिगृहाची सगळी घड्याळं फोडली.

बुधवारी पहाटेपासून जो लागला तो लागलाच. सिनेगॉगच्या रस्त्यावर गुडघाभर पाणी, शीवजवळ रुळांवर पाणी, लोकल बंद, मोहेलसाहेब वाटेत कुठेतरी. सगळा कार्यक्रम सोसायटीच्या तळमजल्यावरच्या हॉलमध्ये हलवला. दरवर्षी मे महिन्यात नालेसफाई झाल्याचे फोटो पेपरात येतात. त्या फोटोंतले नाले कुठल्या गावचे असतात? कारण आमच्या इथला नाला हॉलच्या पायरीपर्यंत भेटायला आला होता. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पडला, तो आकडा अजून प्रत्येकजण तोंडपाठ सांगतो. एवढं पाठांतर करूनही पाणी तुंबायचं तिथेच तुंबतं.

तर हॉलमध्ये भाड्याच्या प्लॅस्टिकच्या खुर्च्या, आणि मधोमध आमच्या आजोबांची वेताची खुर्ची, तिच्यावर पांढरी चादर. ही एलियाहू हनाबींची, म्हणजे आमच्या एलिया प्रेषितांची. प्रत्येक मिलाला ते हजर असतात अशी आमची श्रद्धा. आधी बाळाला त्या खुर्चीवर ठेवायचं, मग सांदेकच्या, म्हणजे माझ्या, मांडीवर. तोपर्यंत खुर्ची रिकामी.

मी मलिद्याचे, म्हणजे आमच्या प्रसादाचे, पोहे बघायला आत गेलो. (पोहे भिजवावे लागले नव्हते. छत गळत होतं.) परत आलो तर खुर्चीत तिसरा मजला.

तिसरा मजला म्हणजे आमच्या तिसऱ्या मजल्यावरचे गृहस्थ. दूध आणायला गेले होते, परतताना पावसाने झोडपलं, लिफ्ट बंद, म्हणून टेकले. लेंग्यातून पाणी गळतंय, मांडीवर दुधाच्या पिशव्या.

"काका, ती खुर्ची राखीव आहे."

"कुणासाठी?"

"एलियाहू हनाबींसाठी."

"कुठून येतायत?"

आता काय सांगणार? खरं ते सांगितलं, की ते स्वर्गात गेले. आमच्या लोकांच्या सांगण्याप्रमाणे अलिबागजवळच्या खंडाळ्याहून रथातून गेले, खडकावर चाकाच्या खुणा आहेत.

"खंडाळ्याहून? मग विसरा. घाटात दरड आली असणार."

"तो खंडाळा नाही हो, अलिबागचा."

"हां, अलिबागचा." त्यांनी पाय लांब केले. "मग तर मुळीच नाही. गेटवेची बोट पावसाळ्यात बंद असते. पेणवरून यायचं तर वडखळला ट्रॅफिक. फोन करून बघा ना, कुठवर पोचलेत."

"त्यांना फोन नाही."

"वय काय असेल?"

"पावणेतीन-तीन हजार वर्षं."

यावर ते खरोखर गंभीर झाले. "या वयात, या पावसात, कशाला बोलावता हो म्हाताऱ्या माणसाला? रविवारी ठेवायचं. नाहीतर सरळ बाराव्याला करा, आमच्या बारशासारखं."

आठवा दिवस का, हे मी समजावलं. त्यांनी अब्राहामापर्यंत सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "ते ठीक आहे, पण रविवारी सगळ्यांना सुट्टी असते."

एवढ्यात इस्रायलमधल्या दिमोनाहून माझ्या बहिणीचा व्हिडिओ कॉल. सगळं खानदान तिकडे एसीत बसून बघतंय. "दादा, इथे किती छान ऊन आहे बघ!" तिने फोन खिडकीबाहेर धरून दाखवलं. मग विचारलं, "मिन्यान झालं का?"

हे दुखणं निराळं. सामुदायिक प्रार्थनेला दहा पुरुष लागतात, तेवढे असले की मिन्यान होतं. मिला त्यावाचून अडत नाही, पण दहा असलेले बरे. मोजले, नऊ. आमच्या पूर्वजांचं जहाज नवगावच्या किनाऱ्याला वादळात फुटलं आणि सात पुरुष, सात बायका तेवढ्या वाचल्या, असं सांगतात. म्हणजे उतरल्या दिवसापासून मिन्यानला तीन कमी! पुढे कोकणात तेलाचे घाणे चालवून, शनिवारी घाणा बंद म्हणून शनिवार तेली म्हणवून घेऊन आम्ही संख्या वाढवली, आणि मग बहुतेक सगळे विमानात बसून गेले. वादळाने ठेवलेले तिकिटाने नेले. माझ्या बहिणीच्या मागे त्या पडद्यावर एका वेळी सहा दणकट पुरुष दिसत होते, समोसे खात. त्यांना मोजता येत नाही. "तुम्ही लोक अजून तिथे काय करता?" हा प्रश्न ती दर फोनला विचारते. घरात तान्हं मूल आहे त्या दिवशीही तिने विचारला.

"दहावा मी मोजा की," तिसरा मजला खुर्चीतून म्हणाला. "एवीतेवी बसलोच आहे."

माणसाच्या मनात काही नव्हतं, हे मला कळतं. राग त्यामुळेच नीट येत नाही आणि जातही नाही.

मोहेलसाहेब पोचले ते पँट गुडघ्यापर्यंत दुमडून, अवजारांची पेटी प्लॅस्टिकच्या पिशवीत डोक्यावर धरून. त्यांनी खुर्चीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी म्हटलं, "काका, आता उठा." ते म्हणाले, "थोडा कमी होऊ दे." शेवटी बायकोने भरल्या गळ्याने, म्हणजे ओरडून, जाहीर केलं की मलिदा पलीकडच्या टेबलावर वाटतायत. तेव्हा प्रेषितांचं आसन रिकामं झालं.

चादर बदलली. वेताचं काय करणार? बाळाला टेकवलं मात्र, मोहेलसाहेबांनी पेटीही उघडली नव्हती, आणि पोराने असा टाहो फोडला की दिमोनात समोसे थांबले.

मागून तोंडात पोहे असलेला आवाज आला, "अजून वेळ गेली नाही, रविवारी करा."

मिला झाली. नाव ठेवलं, काळ्या मनुकांचं सरबत फिरलं, पोरगं झोपलं. तिसऱ्या मजल्याने मलिदा दोनदा घेतला, एक वाटी वर बायकोसाठी बांधून मागितली. जाताना माझा हात हातात घेऊन म्हणाले, "छान झालं हो. आता बारसं कधी? तेव्हा जरा चार खुर्च्या जास्त सांगा."

मी म्हटलं, नाव आताच ठेवलं, बारसं नाही.

"असं कसं," ते म्हणाले, "पेढे तरी असतीलच ना?"