तार सोलण्याविषयी: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. मॉडेल रेल्वेसाठी डीसीसी यंत्रणा (एकाच रुळावरच्या प्रत्येक इंजिनाला वेगळा हुकूम देणारी) कशी निवडावी, या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. थोडक्यात तुमचं म्हणणं असं: मी सुचवलेली एनसीई कंपनीची पॉवर कॅब, म्हणजे हातात धरायचा तयार कंट्रोलर, महाग आहे, बिघडली तर सांगलीत तिला कुणी हात लावणार नाही, आर्डुइनो मेगा या छोट्या सर्किट बोर्डावर डीसीसी-ईएक्स हे फुकट सॉफ्टवेअर चढवलं की तेच काम बऱ्याच कमी पैशात होतं. शिवाय इंजिनाच्या छोट्या पत्त्याचा, म्हणजे त्याला हुकूम द्यायच्या क्रमांकाचा, आकडा चुकलाय. आणि जाता जाता, 'लेखकाने स्वतः कधी तार सोललेली दिसत नाही.'

आधी आकडा. चूक माझीच. इंजिनाचा छोटा पत्ता १ ते १२७, मी १२८ लिहिलं. वेगाच्या १२८ पायऱ्या डोक्यात होत्या. दुरुस्ती केली आहे, आभार.

आता तार.

साहेब, मी मिरजेत वाढलो. ब्रॉडगेज, मीटरगेज आणि बार्शी लाइटची अडीच फुटी, तिन्ही रूळ एका स्टेशनात बघत. पहिला लेआउट १९९४ साली माळ्यावर मांडला, प्लायच्या फळीवर, साध्या डीसीवर (रुळात वीज सोडली की त्यावरची गाडी पळते). रुळांचे अकरा तुकडे, प्रत्येकाला एक टॉगल स्विच, आणि दोन कंट्रोलर. भावाची मालगाडी माझ्या तुकड्यात शिरली की माझ्या कंट्रोलरवर पळायची, मग आमची जुंपायची. त्या प्लायखालची तार न् तार मी सोलली आहे. स्ट्रिपर नव्हता, दातांनी. पुढच्या दाताचा टवका अजून तसाच आहे, हवा तर फोटो टाकतो.

पहिला डिकोडरही (इंजिनात बसवायची, डीसीसीचे हुकूम समजणारी चकती) मीच जाळला. लाल-काळी रुळांकडे, नारिंगी-करडी मोटरला, जोडणी अगदी बरोबर. पण मोटरचा एक ब्रश चासीला टेकलेला राहिला. वेग वाढवला, आणि डिकोडरच्या पारदर्शक आवरणावर मुगाएवढा फोड आला. घरभर वास. तो डिकोडर अजून ड्रॉवरमध्ये आहे. तार न सोलणाऱ्याच्या ड्रॉवरमध्ये असलं काही सापडत नाही.

मुद्दा पटला नसेल तर तसं लिहावं ना. कृष्णाकाठची माणसं तोंडावर बोलतात, मीही त्यातलाच. पण ओळख ना पाळख, एकदम माणसाची लायकी काढायची? मी तुमच्याबद्दल 'आर्डुइनोवर दिवा लुकलुकवला आणि स्वतःला इंजिनिअर समजू लागले' असं लिहिलं असतं तर चाललं असतं का? नाही लिहिलं.

राहिलं डीसीसी-ईएक्स. चांगलं आहे, फुकट आहे, ज्याला हौस आहे त्याने जरूर करावं. मला शंटिंग करताना डोळे कपलिंगवर आणि अंगठा कॅबच्या वेगाच्या चाकावर लागतो. डीसीसी-ईएक्स मोबाइलवरून चालवलं तर काचेवर अंगठा कुठे पडलाय ते आधी खाली बघावं लागतं, तेवढ्यात डबा बफरवर आपटलेला असतो. त्यालाही वेगळा नॉबवाला थ्रॉटल (वेगाचा कंट्रोलर) जोडता येतो हे तुम्ही सांगालच. येत असेल. तो माझ्या लेखाचा विषय नव्हता.

दुरुस्तीचं म्हणाल, तर २०१९ च्या पुरात गावभागातल्या घरात पाणी शिरलं तेव्हा माझी कॅब खालच्या कपाटात होती. चिखल पुसून विक्रेत्याकडे पाठवली. सात महिन्यांनी आली, त्याच खोक्यात, तशीच बिघडलेली. मग नवीन घ्यावी लागली. पण तुमचं आर्डुइनो त्या पाण्यात पोहलं असतं का? ते सात महिने शेजारच्या पॉलिटेक्निकमधल्या पोराने मेगा आणि मोटर शील्ड (रुळांना वीज पुरवणारा जोडबोर्ड) जोडून दिलं होतं, त्यावर गाड्या चालल्या, चालल्या नाहीत असं नाही. पण अंगठ्याला चाक नव्हतं. नवीन कॅब आली त्याच दिवशी ते काढून ठेवलं.

लेखात आकड्याखेरीज काही बदलणार नाही.